दोन बोटं माया

"हात वर कर."

कपडेपटाच्या दारातून कुणीही आत आलं की काकींचं पहिलं वाक्य हेच. मग तो सरदाराचं काम करणारा नट असो, गर्दीत उभी राहायला आलेली बाई असो, नाहीतर चहाचे कप गोळा करणारा माणूस. समोरचा गोंधळून हात वर करायचा आणि काकी चष्म्यावरून त्याच्या काखेकडे बघायच्या. कापड ताणलं, सदरा कमरेवरून वर सरकला, की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "शी! कुनी शिवला रं ह्यो? हात हायेत का खुंट्या?"

तो "शी" तुम्ही ऐकायला हवा होता. त्याचे तीन प्रकार होते. वाकडी टीप दिसली की आखूड. कापणारा अडाणी आहे असं कळलं की लांब, नाकातून निघालेला. आणि तिसरा बिनआवाजाचा, नुसते ओठ हलायचे. ज्याला सगळं कळत होतं आणि तरी ज्यानं वाईट काम केलं, अशासाठी तो राखून ठेवलेला होता. मी तो फार कमी वेळा पाहिला. एकदा अगदी समोरून पाहिला, पण ते पुढे येईल.

मी कर्जतच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा चौक गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका स्टुडिओत जायला लागलो. स्टुडिओ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भलतंच काही उभं राहील, म्हणून सांगतो, तिथे आधी कोंबड्यांच्या शेड होत्या. कोंबड्या गेल्या, मुंबईची मंडळी जागा भाड्यानं घ्यायला लागली, वास तेवढा राहिला. मी प्लायवूडवर दगड रंगवून किल्ले उभे करायचो आणि कपड्यांची चित्रं काढून द्यायचो. माझं टेबल कपडेपटात काकींच्या मशीनशेजारी होतं. आठ वर्षं मी त्या मशीनच्या आवाजात काम केलं.

काकी लोधिवलीच्या पुढच्या एका गावातल्या. नवरा माथेरानला हॉटेलच्या भटारखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा खाली उतरायचा. त्याच्या ओळखीनं काकींना पहिली गिऱ्हाइकं मिळाली ती तिथल्या घोडेवाल्यांची. "घोड्यावर बसनाऱ्याची विजार शिवायला शिकलं की कायबी शिवता येतं," त्या म्हणायच्या. "बसल्यावर फाटली तर घोडासुदा हसंल." तेव्हापासून त्यांच्या तीन परीक्षा ठरलेल्या. हात वर कर, खाली बस, पळून दाखव. तिन्हीत पास झाल्याशिवाय कपडा त्यांच्या हातातून सुटत नसे.

एकदा एक मिशीवाला नट आपला पोशाख मुंबईहून शिवून घेऊन आला. काकी म्हणाल्या, जरा पळून दाखवा. तो दुखावला. मी घोड्यावरून येणार आहे, पळणार नाही, असं त्यानं ऐकवलं. मग तो घोड्यावर चढला आणि पन्नास मावळ्यांसमोर त्याची तुमान अशी फाटली की घोडा बिचकला. पुढची पंधरा मिनिटं तो भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि काकी त्याच्यामागे सुई घेऊन बसल्या होत्या. "बगा मास्तर," उसवलेली शिवण माझ्याकडे धरून त्या म्हणाल्या, "माया कुटं हाय? जरापन माया ठेवली नाय. अशानं कापड तरी काय करंल?"

शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, ती माया. लागलं तर उसवून अंगाला सैल करता येतं. काकी ती पुरी दोन बोटं ठेवायच्या. बाकीचे शिंपी एक बोट ठेवतात, हल्ली तेही नाही. "मानूस काय हाय तेवडाच ऱ्हातो का?" त्या विचारायच्या.

हे सगळं घोडेवाल्यांकडून आलं असं मी समजत होतो. एका दुपारी वीज गेली, काम थांबलं, तेव्हा काकींनी कटाईच्या टेबलाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत जुन्या साडीत बांधलेली चित्रकथेची पुस्तकं होती. पंचवीस-तीस असतील. खरखरीत कागद, छपाई अशी की ओठ एकीकडे आणि त्यांचा लाल रंग दुसरीकडे. निम्म्यांना कव्हर नव्हतं. काकींचा भाऊ शिळफाट्याला रद्दीच्या दुकानात होता, त्यानं गठ्ठ्यांतून वेचून आणलेली. चौथीनंतर काकींची शाळा सुटली होती. पुढचं सगळं वाचन त्यांनी या पुस्तकांवर केलं होतं.

नायिकेचं नाव तडिता. दिवसा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला. तारांवरून वाईट माणसांची बोलणी तिच्या कानावर येतात. मग ती कासोटा घालते, बाहेर पडते, उजवी मूठ आभाळाकडे करते आणि वीज खाली येऊन तिच्या मुठीत बसते. गर्द हिरवं नऊवारी, कोपरापर्यंत बाह्यांची चोळी, पदर कमरेला खोचलेला, पायात पीटीचे बूट. मी चाळीस वर्षं चित्रकला शिकवली आहे. त्या अनोळखी चित्रकाराची शरीराची जाण काही फार थोर नव्हती, पण त्याची बाई जमिनीवर पाय रोवून उभी राहायची.

"हे बगा," काकींनी तिच्या वर केलेल्या हाताखाली बोट ठेवलं. काखेत एक बारीक चौकोन काढलेला होता. "ठिगळ हाय हे. हात वर जायला काखेत चौकोन लावतात, तो. पुस्तकात कुनी असं काडतं का? त्या मानसाची बायको शिवत असनार."

मला तो चौकोन दिसलाच नसता. तेव्हा कळलं, की येणाऱ्या-जाणाऱ्याला हात वर करायला लावणारी ही बाई बारा वर्षांची असल्यापासून एकच गोष्ट तपासत होती. "हात वर गेला नाय, तर वीज यायची कशी?" त्या म्हणाल्या. इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की मला हसू आलं नाही.

तडिता पडद्यावर दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा काय झालं ते काकी अशा सांगायच्या, जणू आपल्या नात्यातल्या मुलीला कुणी फसवलं असावं.

पहिल्यांदा टीव्हीवर मालिका आली. शेजाऱ्यांकडे जाऊन काकींनी ती पाहिली. कासोटा गायब, त्या जागी चमचमणारी विजार, छातीवर प्लॅस्टिकची वीज. पोलकं इतकं तंग की नटीचा हात खांद्यापर्यंत जाऊन अडकायचा. आणि वीज तर नंतर संगणकावर काढायची, ती हात कुठेही असो, ठरलेल्या जागीच काढलेली. "कोपरावर पडली, मास्तर! वीज कोपरावर! आनि बाई हसतीया." दर आठवड्याला ती कोपरावरच पडत राहिली. चौथ्या आठवड्यात काकींनी उठून शेजाऱ्यांचा टीव्ही बंद केला. पाचव्या आठवड्यापासून त्यांना त्या घरात बोलावणं बंद झालं.

दुसऱ्यांदा सिनेमा आला. नवीन लग्न झालेलं, नवरा माथेरानहून खास उतरला, दोघं खोपोलीला टॉकीजमध्ये गेली. तडिताचा चेहरा दिसायला दहा मिनिटं लागली. तोपर्यंत तिचं बाकीचं सगळं दिसून झालं होतं. तिच्या अंगात वीज भरायची म्हणून तिला धबधब्याखाली उभं करून एक लांबलचक गाणं. आणि खलनायक समोर आला तेव्हा ती नुसती उभी. मग नायक मागून आला, त्यानं तिचं मनगट धरलं आणि तिचा हात वर केला. "त्यानं वर केला! तिचा हात!" काकी मध्यंतरात उठून बाहेर आल्या. नवरा आतच राहिला, त्याला शेवट बघायचा होता. या गोष्टीवरून तो जिवंत असेतो त्याला टोमणे खावे लागले.

तुम्ही म्हणाल, एका चित्रातल्या बाईसाठी एवढा त्रागा. मीही तसं म्हणायचो. मग मी ती मालिका मोबाइलवर शोधून पाहिली, सिनेमा पाहिला, आणि मला शिसारी आली. कॅमेरा त्या बाईभोवती असा फिरत होता, जसा माणूस बाजारात कोंबडी उलटीपालटी करून बघतो. तिनं काय केलं, कुणाला वाचवलं, याच्याशी त्या कॅमेऱ्याला काही कर्तव्य नव्हतं.

आणि मग तडिता आमच्याच शेडमध्ये आली.

मुंबईच्या एका कंपनीनं तिच्यावर वेबसीरिज करायचं ठरवलं आणि दोन महिन्यांसाठी जागा घेतली. बातमी कळली त्या दिवशी काकींनी मशीनला तेल दिलं. दुसऱ्या दिवशी त्या पेटीतली पुस्तकं धुतलेल्या साडीत बांधून टेबलावर मांडून बसल्या. कंपनीचा डिझायनर आला. पंचविशी-तिशीतला मुलगा, अंगात तिघं मावतील एवढा सैल सुती सदरा, खाली घोळदार पायजमा. काकींचा चेहरा खुलला. त्याला हात वर कर असं म्हणावंच लागलं नाही.

"कित्ती गोड!" पुस्तकं बघून तो म्हणाला. मोबाइलवर दोन-चार फोटो काढले. "काकी, हे भारीच आहे. पण आता प्रेक्षक बदललाय ना. आपली तडिता आजची आहे. एकदम पॉवरफुल."

एकदम पॉवरफुल म्हणजे काय, ते त्यानं मला तोंडी सांगितलं आणि मी कागदावर काढलं. गळ्यापासून घोट्यापर्यंत काळ्या रबरासारख्या कापडाचा एकच सूट, पाठीला चेन, जिथे जिथे कॅमेरा जाणार तिथे तिथे हिरव्या रेघा. चित्र छान झालं. ते सांगायला आता लाज वाटते, पण छान झालं होतं. "सर, तुमची रेघ काय स्वच्छ आहे!" तो म्हणाला. शाळा सोडल्यापासून असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

काकींनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं. लांब "शी" आला. "आनि ही लघवीला कशी जानार?"

नटी लघवीला जाऊ शकली नाही. ती बिचारी सकाळपासून पाणी पीत नसे. मे महिना, पत्र्याची शेड, अंगभर रबर. संध्याकाळी सूट उतरवला की आतून घामाची धार लागायची आणि पाठीवर, मांड्यांवर घामोळ्यांचे लाल चट्टे. काकी तिला टॉवेल गुंडाळून बसवायच्या आणि ओल्या फडक्यानं पाठ पुसायच्या. "काकी, मला श्वास घेता येत नाही यात," ती एकदा हळूच म्हणाली. बाहेर डिझायनर त्याच्या घोळदार पायजम्यात पंख्यापुढे उभा होता.

नटीच्या जागी उड्या मारायला प्रणाली होती. काकींच्याच गावची, कबड्डी खेळणारी, खांदे रुंद. तिला काकींनीच आणलं होतं. मी रंगवलेल्या बुरुजावरून तिनं तारेवर झेप घ्यायची, अर्ध्या वाटेत उजवा हात वर करून वरची कडी पकडायची, म्हणजे तोल सावरतो, आणि मग खाली उतरायचं. तारेला अडकवायचा कमरेचा आणि खांद्याचा पट्टा सुटाच्या आतून. नटीच्या मापाच्या सुटात एवढं सगळं मावणं शक्य नव्हतं. म्हणून काकींनी प्रणालीचा सूट वेगळा केला. काखेत चौकोनी ठिगळ, दोन्ही बाजूंना दोन बोटं माया, आणि ती अर्धी उसवून अंगावर सैल सोडलेली. प्रणालीनं हात वर केला, खाली बसली, शेडला फेरी मारून आली.

"वीज येल का गं?" काकींनी विचारलं.

"येल, काकी."

पहिल्या चाचणीला डिझायनर मॉनिटरपाशी बसला होता. तो एकदम ओरडला, "काखेत सुरकुती दिसतेय! हे कुणी ठेवलंय?"

"माया हाय ती," काकी म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे."

"कोण माया?"

"माया हो. आत ठेवलेली."

"मग मायाला बोलवा ना बाहेर! आत काय करतेय?"

आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही, कारण कळलं नव्हतं. त्याच्या मदतनीस मुलीनं मात्र ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या कामाच्या यादीत कपडेपटापुढे दोन नावं छापून आली, काकी आणि माया. नाश्त्याच्या पाकिटांवर नावं घालायची पद्धत होती, तेव्हा मायाचं एक पाकीट रोज यायला लागलं. चूक सांगायला कुणी गेलं नाही. काकी ते पाकीट प्रणालीपुढे सरकवायच्या. "खा गं. मायेचं हाय."

इथपर्यंतची गोष्ट मी कितीही लोकांना सांगतो. पुढची सगळी आजपर्यंत कुणाला सांगितली नाही.

झेपेच्या आदल्या दिवशी डिझायनर कपडेपटात आला. सुरकुती चालणार नाही, ठिगळ काढा, बाजू आत घ्या, सूट कातडीसारखा बसला पाहिजे. काकींनी मशीनवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. "पोरीचा हात वर जानार नाय."

"जाईल हो. ती तरुण आहे."

"नाय जानार. मी हात नाय लावनार त्याला."

त्यानं वाद घातला नाही. पनवेलहून एक कारागीर बोलावला आणि सूट माझ्या टेबलावर आणून पसरला. "सर, तेवढी रेघ मारून द्या. तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे. तुमच्यासारखी रेघ कुणाची नाही." पुढच्या भागांचे सगळे किल्ले माझ्याकडेच, असंही म्हणाला. पण खरं सांगतो, किल्ल्यांसाठी नाही. मी त्या पहिल्या वाक्यासाठी खडू उचलला. एक रेघच तर आहे, कापणारा मी नाही, असं मनाशी म्हटलं आणि काखेपासून कमरेपर्यंत सरळ, स्वच्छ रेघ ओढली. रेघेच्या बाहेर दोन बोटं कापड होतं. कारागिरानं ते कापून टाकलं आणि काळ्या पट्ट्या माझ्या पायाशी पडल्या.

मान वर केली तेव्हा काकी माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणाली बुरुजावर उभी राहिली. खाली उभ्या असलेल्या काकी ओरडल्या, "प्रनाली, हात वर कर गं!" तिनं केला. खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. काकी दिग्दर्शकाकडे धावल्या, पण तोवर कुणीतरी त्यांना बाजूला घेतलं होतं आणि शिट्टी वाजली होती. तिनं झेप घेतली. अर्ध्या वाटेत कडी आली. "हात वर! हात वर!" दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडत होता. मला तिचा हात दिसत होता. तिनं जिवाच्या करारानं ओढला तो, पण कापड सोडेना. कडी हाताशिवाय मागे गेली, प्रणाली तारेवर गरकन फिरली आणि मी रंगवलेल्या दगडांवर जाऊन आदळली. प्लायवूडचा आवाज पोकळ आला.

खांदा निखळला होता आणि त्याच बाजूचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. टेंपोत तिला आडवी केली तेव्हा सुटाची चेन निघेना, सुजेनं सगळं गच्च झालेलं. काकींनी आपली मोठी कात्री काढली. "डोळं मीट गं," म्हणाल्या, आणि स्वतः शिवलेला तो सूट त्यांनी गळ्यापासून खालपर्यंत सरळ कापत नेला. मी टेंपोच्या फळीला धरून उभा होतो. "मास्तर, सरा," एवढंच त्या मला म्हणाल्या.

चौकशी झाली. चौकशी म्हणजे कुणाच्या माथी मारायचं याची बैठक. डिझायनर म्हणाला, सूट ऐनवेळी बदलला गेला. कुणी बदलला? त्याच्या मदतनीस मुलीनं यादी उघडली. कपडेपट, काकी आणि माया. काकी तर नाही म्हणाल्या होत्या, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. पनवेलच्या कारागिराचं नाव यादीतच नव्हतं. मग राहिली माया. मी तिथे बसलो होतो. माझ्या नखांत अजून खडू होता. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर कपडेपटाच्या दारात येऊन म्हणाला, "काकी, काळजी करू नका, तुमच्यावर काही नाही. मायाला काढलं."

काकी हसायला लागल्या. आठ वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता चष्मा काढला, डोळे पुसले. "व्हय," म्हणाल्या, "काडली खरी." मग कात्री, गजपट्टी आणि ती पत्र्याची पेटी घेऊन त्या चालत्या झाल्या. त्या दिवशी मायाचं पाकीट आलं नाही.

सीरिज आली. तुम्ही पाहिलीही असेल. पोस्टरवर तडिताचा हात उंच वर गेलेला आहे आणि मुठीत वीज आहे. तो हात संगणकावर बसवलेला. नटीचा तेवढा वर जात नव्हता, प्रणालीचा त्यानंतर कधी गेला नाही. जगातल्या कुठल्याही बाईचा नसलेला तो हात खोपोलीच्या हमरस्त्यावर महिनाभर लागला होता. त्या पोस्टरखालून जाताना मी खाली बघायचो.

दिवाळीच्या आधी कापड घेऊन मी काकींच्या घरी गेलो. बोलायचं ठरवून गेलो होतो. ओटीवर मशीन, बाजूला प्रणाली काज करत बसलेली. काज डाव्या हातानं. तिला समोर बघून मी एवढंच म्हणालो, "सदरा शिवायचाय."

"हात वर करा, मास्तर," काकी म्हणाल्या. मी केला. त्यांनी माप घेतलं, छाती, खांदा, बाही. निघताना मी विचारलं, "काकी, रागावलात?"

"रागवायचं काय? तुमी चित्र काडनारं मानूस. बगता सगळं."

सदरा वेळेवर मिळाला. आरशात बघितला तर झक्क बसला होता, अंगावर एक सुरकुती नाही. हात मात्र वर जाईना. वजन वाढलंय, असं म्हणून मी तो कपाटात टांगून ठेवला.

काकी या थंडीत गेल्या. चार दिवसांचा ताप झाला आणि गेल्या. मला उशिरा कळलं. भेटायला गेलो तर ओटीवर तेच मशीन आणि त्यावर प्रणाली. भिंतीवर काकींचा फोटो होता, खाली पत्र्याची पेटी. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून मी तो सदरा पिशवीत घालून नेला होता. "जरा सैल करून देशील का गं?" म्हटलं. काकी मायेची दोन बोटं ठेवत, त्याची मला खात्रीच होती.

प्रणालीनं सदरा उलटा केला. बाजूची शिवण चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत बघितली. दुसरी बघितली. कापड अगदी टिपेला लागून, स्वच्छ सरळ रेघेत कापलेलं होतं. काखेत ठिगळ नव्हतं.

"मास्तर, यात माया ठेवलीच नाय," ती म्हणाली.

"काकींची चूक झाली असेल."

ती टाचण्या ओठांत धरून सदऱ्याकडेच बघत बसली. तिचा उजवा हात मांडीवर होता. एवढ्या दिवसांनी ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

"प्रणाली, तुझ्या सुटावरची ती खडूची रेघ मी मारली होती."

तिनं एकेक करून टाचण्या ओठांतून काढल्या आणि उशीला टोचल्या.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "काकी बोलली व्हती. काखेत ठिगळ लावून बगते. हात वर करा."

जेवढा जात होता तेवढा मी केला.